दूध तुटल्यानंतरचे सत्तर दिवस: सीलच्या एका पिल्लाचं प्रकरण

शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासक्रमात उपासमारीचा भाग दोन तासांत उरकता येतो. आधी ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपतं, मग चरबी, मग स्नायू. मुलं तीन ओळी पाठ करतात आणि पेपरात उतरवून मोकळी होतात. मला तसं उरकणं पटत नाही. पुण्यात आमच्या टी.वाय.बी.एस्सी.च्या वर्गाला मी या भागासाठी एकच प्रकरण देते आणि फळा भरेपर्यंत त्याचा हिशोब मांडायला लावते. प्रकरण आहे किनाऱ्यावर एकट्या पडलेल्या सीलच्या पिल्लाचं. यंदा वर्गात त्यावर काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण वाद चांगला रंगला आणि त्यातून माणसाच्या उपासाचाही प्रश्न निघाला.

प्रकरण काय आहे

कॅलिफोर्नियात सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला आन्यो न्वेव्हो नावाचा संरक्षित किनारा आहे. हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, नॉर्दर्न एलिफंट सीलच्या माद्या तिथे विण्यासाठी वाळूवर येतात. जन्मतः पिल्लू काळं आणि सुरकुतलेलं असतं, अंगावर चरबी जवळपास नसते. वजन 35 ते 40 किलो. आई त्याला चारेक आठवडे पाजते. सुरुवातीला दुधात 15 टक्क्यांच्या आसपास चरबी असते, शेवटी शेवटी ती 50 टक्क्यांच्या वर जाते. या काळात आई स्वतः काही खात नाही, पाण्यात उतरत नाही, आणि तिचं वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतं. मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते. पिल्लाकडे परत येत नाही. दूध हळूहळू तोडणं वगैरे काही नाही, काल होतं आणि आज नाही.

आम्ही वर्गासाठी जे पिल्लू धरलं त्याचं वजन दूध तुटलं त्या दिवशी 125 किलो. हे कुठल्या एका नोंदलेल्या पिल्लाचं वजन नाही, सरासरीच्या जवळचा ठोक आकडा आहे. या पिल्लाने आजवर एकही मासा पाहिलेला नाही. त्याला धड पोहता येत नाही. पुढचे आठ ते बारा आठवडे ते किनाऱ्यावरच राहणार आहे आणि या काळात त्याच्या पोटात काही जाणार नाही. पाणीही नाही. आम्ही सत्तर दिवस धरले. एवढ्या मुदतीत अशी पिल्लं आपल्या वजनाचा साधारण पाव ते तीस टक्के भाग गमावतात आणि मग, कोणी वाट दाखवायला नसताना, स्वतःहून समुद्रात जातात.

प्रश्न असा: या सत्तर दिवसांत खर्च कशातून भागतो, पाणी कुठून येतं, आणि सत्तराव्या दिवशी हे पिल्लू समुद्रात झेपावण्याइतकं धड कसं राहतं?

पहिले अंदाज

पहिला हात वर झाला तो शीतनिद्रेसाठी. "मॅडम, अस्वलासारखं झोपून राहत असेल." अंदाज वाईट नाही, पण टिकत नाही. पिल्लाच्या अंगाचं तापमान खाली जात नाही. ते दिवसभर वाळूवर लोळलेलं दिसतं हे खरं, पण अंधार पडायच्या सुमाराला उथळ पाण्यात उतरतं, बुडी मारायला शिकतं, पुन्हा वर येतं. उपासाच्या पहिल्या आठवड्यांतच त्याची जन्माची काळी लव झडते आणि खाली चंदेरी केस येतात. झोपून काळ काढणारं शरीर एवढी कामं अंगावर घेत नाही. चयापचयाचा वेग उपास लांबत जातो तसा उतरतो, पण तेवढ्यावर सत्तर दिवस निघत नाहीत.

दुसरा अंदाज मागच्या बाकावरून आला: "चरबी आहे ना भरपूर, मग प्रश्नच काय?" हा अंदाज मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्ध्यावर माणूस थांबतो. साठा किती आहे याने मुदत ठरत नाही. साठ्यातलं काय जाळलं जातं आणि काय राखलं जातं याने ती ठरते. मी तो प्रश्न फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवला आणि हिशोबाला बसवलं.

चरबी मोजतात कशी

हिशोबाआधी एक गोष्ट सांगावी लागते, नाहीतर आकडे हवेत राहतात. जिवंत पिल्लाच्या अंगात चरबी किती हे कसं कळणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रुझ इथल्या मंडळींनी आन्यो न्वेव्होला 1960च्या दशकापासून हे काम चालवलं आहे. लिओ ऑर्टिझ, डॅनियल कोस्टा आणि बर्नी ल बफ यांचा उपाशी पिल्लांच्या पाण्याचा आणि ऊर्जेचा अभ्यास 1978 साली प्रसिद्ध झाला. पद्धत मुळात सोपी आहे. पिल्लाला जाड कापडाच्या झोळीत घेतात, तिकाटण्याला टांगून वजन करतात. मग ट्रिशियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, खूण असलेलं पाणी मोजून सुईने टोचतात. काही तास थांबतात, म्हणजे ते अंगभर मिसळतं. मग थोडं रक्त काढून पाहतात की खुणेचं पाणी किती पातळ झालं. जितकं जास्त पातळ, तितकं अंगात पाणी जास्त. चरबीत पाणी जवळपास नसतं आणि बाकी मांसल भागात ते सुमारे 73 टक्के असतं. म्हणजे अंगातलं एकूण पाणी कळलं की मांसल भाग कळतो, आणि वजनातून तो वजा केला की चरबी हाती येते. काही आठवड्यांनी तेच पिल्लू पुन्हा झोळीत घ्यायचं. दोन मोजण्यांमधला फरक म्हणजे मधल्या दिवसांत काय जळलं त्याचा पुरावा.

मुलांना हे फार आवडतं. एकीने विचारलं, "पण पिल्लू मधेच समुद्राचं पाणी प्यायलं तर?" प्रश्न नेमका होता. खूण वाजवीपेक्षा लवकर पातळ झाली असती आणि ते पकडलं गेलं असतं. अंगात पाण्याची उलाढाल किती होते तेही याच खुणेवरून निघतं, आणि ती इतकी थोडी निघते की अंगातल्या अंगात तयार होणाऱ्या पाण्यावर भागतं, बाहेरचं पाणी धरावं लागत नाही.

फळ्यावरचा हिशोब

दूध तुटतं तेव्हा पिल्लाच्या वजनाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग चरबी असतो. आम्ही 45 टक्के धरले: 56 किलो. मार्केट यार्डात वडिलांचं भुसाराचं दुकान असलेला एक मुलगा वर्गात आहे. तो लगेच म्हणाला, "म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे पावणेचार डबे." मी तो आकडा फळ्यावर डब्यांतच लिहिला. चार आठवड्यांपूर्वी यातलं जवळपास काहीच नव्हतं. सगळं आईच्या अंगातून आलेलं.

आता रोजचा खर्च. माक्स क्लायबरने 1932 साली दाखवलं की प्राण्याचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याच्या वजनाच्या पाऊणाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. किलोत वजन घेतलं तर त्याला 70ने गुणायचं की दिवसाच्या किलोकॅलरी निघतात. उपासाच्या काळातलं सरासरी वजन 110 किलो धरलं तर हे उत्तर 2400च्या जवळ येतं. पिल्लू हलतं, पोहतं, अंगातली ऊब राखतं, म्हणून आम्ही थोडं वर जाऊन 2800 घेतले.

इथे कळीचा आकडा येतो. या पिल्लांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे की एकूण ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा 4 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. बाकी जवळजवळ सगळं चरबीतून. मुलांनी मांडलं: 2800चे 4 टक्के म्हणजे 112 किलोकॅलरी, म्हणजे रोज 28 ग्रॅम प्रथिन. मांसल भागात पाणी बरंच असल्याने 28 ग्रॅम प्रथिन गमावणं म्हणजे सुमारे 110 ग्रॅम मांस गमावणं. उरलेल्या ऊर्जेसाठी चरबी लागते रोज 290 ते 300 ग्रॅम.

सत्तर दिवसांनी: चरबी 21 किलो गेली, मांस 8 किलोच्या आत गेलं. एकूण घट 29 किलो, म्हणजे वजनाच्या पावाहून किंचित कमी. किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजलेल्या घटीच्या खालच्या टोकाला आमचं उत्तर येऊन बसलं. ठोक आकड्यांवर केलेल्या हिशोबाला एवढं जुळणं पुष्कळ झालं. खरा खर्च आमच्या 2800पेक्षा काहीसा जास्त असणार, एवढाच त्याचा अर्थ.

पण मुलं घटीकडे बघत होती आणि मी उरलेल्याकडे बघायला सांगत होते. पावणेचार डब्यांपैकी दीड डबा संपला. 35 किलो चरबी अजून अंगावर आहे! वजन 96 किलो, त्यातली 36 टक्के चरबी. साठा संपत आला म्हणून हे पिल्लू समुद्रात जात नाही. साठा हाताशी असताना जातं. कारण समुद्रात गेल्यावर पहिल्याच दिवशी मासा मिळेल याची कोणी हमी दिलेली नाही, आणि थंड पाण्यात तीच चरबी अंगरखा म्हणूनही लागते.

वर्ग इथे थोडा वेळ गप्प झाला. "भूक लागली म्हणून जातं" हे उत्तर सगळ्यांच्या डोक्यात होतं आणि फळ्यावरचा आकडा त्याच्या आड येत होता.

पाणी

हा भाग मी दरवर्षी जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण अन्नाविना राहण्यापेक्षा पाण्याविना राहणं मुलांना जास्त अशक्य वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

चरबी जळते तेव्हा तिच्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होतं. एक ग्रॅम चरबीमागे एक ग्रॅमहून थोडं जास्तच. आमच्या पिल्लाच्या रोजच्या 300 ग्रॅममधून 320 मिलीलिटर मिळालं. मांसल भाग मोडतो त्यातलं मुळचं पाणी 80 मिलीलिटर. म्हणजे रोजची आवक सुमारे 400 मिलीलिटर, तीही शंभर किलोच्या प्राण्याला. माणसाची तुलना मुलांनीच काढली: आपल्या नुसत्या श्वासातून आणि कातडीतून रोज 800 मिलीलिटरच्या आसपास पाणी जातं, आणि मूत्रपिंडांना कचरा बाहेर टाकायला किमान अर्धा लिटर लागतं. एवढ्या आवकीवर आपण आठवडाही काढू शकणार नाही.

पिल्लू काढतं, कारण त्याने गळती बंद केलेली असते. पहिली गळती नाकाची. सीलच्या नाकपुड्यांच्या आत पातळ हाडांची गुंडाळ्यांवर गुंडाळ्या असलेली रचना असते आणि तिच्यावर ओलं अस्तर. बाहेरची थंड हवा आत शिरताना या अस्तराला गार करते. मग फुप्फुसातली गरम, दमट हवा बाहेर निघताना त्याच गार पृष्ठभागावरून जाते आणि तिच्यातली वाफ तिथेच निथळते. श्वास बाहेर पडतो तो बराचसा कोरडा होऊन. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. ही पिल्लं झोपेत श्वास रोखून धरतात. काही मिनिटं श्वास नाही, मग ओळीने काही श्वास, पुन्हा काही मिनिटं नाही. वय वाढतं तसा हा थांबा लांबत जातो. मोठा सील जमिनीवर झोपलेला असताना वीस मिनिटांच्या आसपास श्वास न घेता पडून राहू शकतो. श्वासच कमी, तर श्वासावाटे जाणारं पाणीही कमी. शिवाय समुद्रात पुढे आयुष्यभर जे करायचं आहे त्याचा हा वाळूवरचा सराव.

तिसरी गळती लघवीची, आणि इथे 4 टक्के पुन्हा उपयोगी पडतात. प्रथिन मोडलं की युरिया होतो, युरिया बाहेर टाकायला पाणी लागतं. 28 ग्रॅम प्रथिनातून जेमतेम 10 ग्रॅम युरिया तयार होतो. नेहमीचं जेवण करणारा माणूस रोज याच्या दुप्पट-अडीचपट टाकतो. प्रथिन राखलं तर पाणीही राखलं जातं. हे दोन वेगळे बचाव नाहीत, एकच आहे. नगर रस्त्यावरून रोज बसने येणारी एक मुलगी हे आपणहून बोलली तेव्हा मला तास सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

साखरेचं कोडं

चरबीतल्या मेदाम्लांपासून आपलं शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही, आणि मेंदूला ग्लुकोज लागतं. माणसाच्या उपासातला खरा पेच हाच. माणसाचा मेंदू दिवसाला 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज वापरतो. यकृतातला साठा दिवसभरात आटोपतो. मग स्नायू मोडून अमिनो आम्लांपासून ग्लुकोज करावं लागतं. पहिल्या दिवसांत माणूस रोज सुमारे 75 ग्रॅम प्रथिन असं खर्ची घालतो. पुढे यकृत चरबीपासून कीटोन करतं, मेंदू त्यांच्यावर चालायला शिकतो, आणि काही आठवड्यांनी प्रथिनांचा खर्च 20 ग्रॅमच्या आसपास येतो. बोस्टनच्या जॉर्ज केहिलने 1960च्या दशकात हे बारकाईने मोजलं.

सीलचं पिल्लू या वाटेने जात नाही. त्याच्या रक्तात कीटोन माफकच राहतात. उलट ग्लुकोज उपासातही चढं राहतं, इन्शुलिन खाली जातं, ऊती इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढत जातं. माणसाच्या रिपोर्टमध्ये असं चित्र दिसलं तर डॉक्टर मधुमेहाकडे बोट दाखवतील. पिल्लाच्या बाबतीत हीच व्यवस्था असते. स्नायू चरबीवर चालतात, ग्लुकोजला हात लावत नाहीत. जे ग्लुकोज वापरलं जातं त्यातलं पुष्कळसं पूर्ण जळतच नाही. त्याचं लॅक्टेट होतं, लॅक्टेट यकृतात परत जातं आणि पुन्हा ग्लुकोज होऊन रक्तात येतं. तोच माल फिरत राहतो. फिरवायला ऊर्जा लागते, ती चरबी देते, आणि चरबीची ददात नाही. म्हणून स्नायू मोडून नवी साखर करायची वेळ फारशी येत नाही.

पुण्यात शिकवताना इथे मला केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या गटाने 1993पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास, म्हणजे हडकुळी; पण स्नायूंच्या मानाने चरबी मात्र राखलेली. अशा शरीरांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो हे आज आपण जाणतो. इन्शुलिनला दाद न देणारं शरीर आणि अंगावरची चरबी, दोन्हीकडे घटक तेच. पण सील दरवर्षी या अवस्थेत जातो आणि समुद्रात खायला लागला की बाहेर येतो. आपल्याकडे ती एकदा आली की मुक्काम ठोकते. हा फरक नेमका कुठल्या जनुकांत आणि कुठल्या पेशींत आहे ते शोधणाऱ्यांत आमच्यातलं कोणी असावं, असं मला मनापासून वाटतं.

रिकामं बसलेलं नसतं

पिल्लू सत्तर दिवस नुसतं काटकसर करत नाही, ते घडत असतं. बाहेरून एक ग्रॅम प्रथिन येत नसताना त्याच्या स्नायूंमधलं प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन वाढतं, रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद वाढते. दूध तुटलं तेव्हा जे थोडा वेळही बुडून राहू शकत नव्हतं, ते निघायच्या वेळी खऱ्या बुड्या मारण्याच्या जवळ आलेलं असतं. उपास आणि श्वास रोखणं या दोन्हींनी पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण यायला हवा. पण ग्लुटाथायोनसारखी संरक्षक यंत्रणा याच काळात वाढवून पिल्लू तो निभावून नेतं. वर्गात हे कोणाच्याच अंदाजात नव्हतं. उपास म्हणजे शरीराची झीज एवढंच समीकरण डोक्यात असतं.

याच चरबीपायी हा प्राणी जवळपास नामशेष झाला होता. एकोणिसाव्या शतकात तेलासाठी एवढी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर शंभरच्या आतच उरले. 1922 साली मेक्सिकोने संरक्षण दिलं, मग अमेरिकेनेही. आज ते दोन लाखांच्या घरात आहेत आणि सगळे त्या मूठभरांचे वंशज.

"मग माणसाला का नाही?"

हा प्रश्न येणारच होता. नारायण पेठेत खोली घेऊन राहणारा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. मोबाइलवर बघून त्याने तीन दिवस फक्त पाण्यावर काढले होते, पुढे दहा दिवसांचा बेत होता. त्याने गणित तयार ठेवलं होतं: "मॅडम, साठ किलो वजन, दहा किलो चरबी. नव्वद हजार कॅलरी. रोजचे अठराशे. पन्नास दिवस निघतात."

मी त्याला खाली बसवलं. भागाकार बरोबर आहे, म्हटलं, पण तू पिल्लाचा प्रथिनांचा आकडा स्वतःला लावलास. तुझा मेंदू तुझ्या अंगाच्या मानाने मोठा आहे, त्याला साखर हवी आहे, आणि या तीन दिवसांत तू ती मांड्यांतून काढून दिलीस. अंगावर चरबी जितकी कमी, तितका प्रथिनांचा वाटा मोठा. हृदयही स्नायूच आहे. शिवाय सत्तर दिवस उपाशी राहायच्या आधी त्या पिल्लाला चार आठवडे दुसऱ्या कोणीतरी तीन पट वाढवलं होतं. तुझी तशी कुठली तयारी झाली आहे?

त्याने गांधीजींचं नाव काढलं. पुण्यात हे नाव या संदर्भात यावं हे साहजिक आहे. 10 फेब्रुवारी ते 3 मार्च 1943 असा एकवीस दिवसांचा उपास त्यांनी इथेच, आगाखान पॅलेसमध्ये केला, वयाच्या 73व्या वर्षी. पण तो निर्जळी नव्हता. पाणी पोटात ठरेना, तेव्हा त्यात मोसंबीचा रस घालून दिला गेला. डॉक्टर रात्रंदिवस उशाशी होते आणि तरीही मधल्या दिवसांत आशा सुटत आली होती. त्या उपासामागचं बळ वेगळं होतं. शरीर मात्र माणसाचंच होतं आणि त्याने माणसासारखाच हिशोब दिला.

त्याला मी आणखी एक सांगितलं, कारण हे कोणी सांगत नाही: लांब उपास सोडतानाही जीवाला धोका असतो. अन्न पोटात गेलं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत हे पाहिलं गेलं. तीन दिवसांत तेवढं झालं नसतं, पण दहा दिवसांचा बेत त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, असं मी त्याला स्पष्ट म्हटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, मेसमध्ये मऊ भात-वरण मागून घेतलं म्हणून.

हलकं पिल्लू

पुढच्या तासाला मी प्रकरण उलटं केलं. हेच किनारे, हाच महिना, पण वादळात आईपासून लवकर तुटलेलं पिल्लू. एल निन्योच्या वर्षांत, उदाहरणार्थ 1983च्या हिवाळ्यात, मोठ्या लाटांनी आन्यो न्वेव्होची पिल्लं वाहून गेली, आयांपासून तुटली. आमच्या दुसऱ्या पिल्लाचं वजन 75 किलो धरलं, चरबी 25 किलो. वाळूवर पहुडलेलं पाहिलं तर अननुभवी डोळ्याला हेही गुबगुबीतच दिसेल.

मुलांनी तोच हिशोब लावला. रोजचा खर्च 2000च्या जवळ. वजन कमी म्हणून एकूण खर्च कमी, पण किलोमागे तो वाढला, कारण लहान अंग ऊब लवकर गमावतं. चरबी रोज 215 ग्रॅम, सत्तर दिवसांत 15 किलो. प्रथिनांचा वाटा 4 टक्केच धरला तरी मांस साडेपाच किलो. उरतं 54 किलोचं पिल्लू, त्यात चरबी 10 किलो, म्हणजे 18 टक्के. मोठ्या पिल्लाच्या निम्मी. आणि 4 टक्के धरणं इथे उदारपणाचं आहे. चरबी पातळ झाली की प्रथिनांचा वाटा चढतो, त्याबरोबर युरिया चढतो, त्याबरोबर पाणी जातं.

म्हणून हे पिल्लू सत्तर दिवस थांबत नाही. किनाऱ्यावरच्या नोंदी तेच सांगतात: दूध तुटताना ज्यांच्या अंगावर चरबी कमी, त्यांचा उपास आखूड. ती लवकर निघतात, म्हणजे पोहण्याचा सराव आणि मायोग्लोबिन दोन्ही अपुरं असताना. दक्षिण गोलार्धात मॅक्वारी बेटावरच्या सदर्न एलिफंट सीलमध्ये जड पिल्लं पहिलं वर्ष जास्त तगतात असं दिसलं आहे.

मग प्रश्न व्यवहाराचा झाला. किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाला एकटं पिल्लू दिसलं तर काय करावं? कॅलिफोर्नियात सॉसालिटोला 1975पासून सागरी सस्तन प्राण्यांचं रुग्णालय चालतं, आणि दर वसंतात तिथे खंगलेली एलिफंट सीलची पिल्लं येतात. वर्गातल्या निम्म्यांचं म्हणणं, एकटं दिसलं की उचलावं. मार्केट यार्डचा मुलगा अडून बसला: सव्वाशे किलोचं पिल्लू एकटं असणं हाच त्याचा नेम आहे, त्याला उचलणं म्हणजे त्याचा सराव मोडणं. आणि 40 किलोचं असेल तर? मानेमागे खाच पडलेली, कातडी सैल, बरगड्या जाणवतात? तिथे थांबण्यात अर्थ नाही, कारण जाळायला काही शिल्लकच नाही. दोघांमधली सीमा कुठे, यावर तासाचा शेवटचा अर्धा भाग गेला. एकीने सुचवलं की नुसतं वजन पुरेसं नाही, पाठीवरच्या चरबीचा थर अल्ट्रासाउंडने मोजावा. दुसरीने विचारलं की गर्दीच्या किनाऱ्यावर ते यंत्र घेऊन जाणार कोण, आणि पिल्लू हलू न देता धरणार कोण. शेवटी त्यांनी वजन, लांबी आणि मानेमागची खाच एवढ्यावरच निर्णय घेता येईल असा तक्ता करायला घेतला. 75 किलोचं आमचं पिल्लू त्या तक्त्यात "दर आठवड्याला पाहा, अजून उचलू नका" या रकान्यात बसलं.